कंपनीचा हिरवा रंग

रविवार, १२ जानेवारी २०२५

सकाळी सकाळी माणसाचं डोकं फिरवायचं असेल तर त्याच्या गाडीबद्दल त्याला सल्ला द्यावा. आज मिस्सा सुटल्यावर माझ्या बायकोच्या, ट्रेसीच्या, एका लांबच्या भावाने तेच केलं. म्हणाला, गॅब्रियल, इंजिन काढून बॅटरीची मोटर बसव, आवाज जाईल, एसीपण लागेल. १९६४ची ट्रायम्फ स्पिटफायर, दोन सीटची, छप्पर उघडणारी विलायती स्पोर्ट्स कार, आणि हा तिची ई-रिक्षा करायला निघालाय. मी त्याला जे बोललो ते चर्चच्या आवारात बोलायला नको होतं, असं ट्रेसीचं मत. तिचा भाऊ आहे, तिचं तसं मत असणारच.

आज क्लबचा फॉर्म भरून पाठवला. २३ फेब्रुवारीला मुंबईत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे. त्यात ‘मूळ स्वरूप’ नावाचा एक गट असतो. गाडी कंपनीतून निघाली तशीच असेल तरच त्यात घेतात. आपल्या उत्तनमधून त्यात आजवर कुणी गेलेलं नाही. बाबांची गाडी जाणार आहे. बाबा फोर्टातल्या एका पारशी शेठकडे मेकॅनिक होते. शेठ त्र्याहत्तर साली देश सोडून गेले तेव्हा ही गाडी त्यांनी बाबांना दिली. बाबांना जाऊन सोळा वर्षं झाली आणि तेवढी वर्षं मी ती जिवापाड सांभाळली आहे. हेराल्डचे काही पार्ट आत आहेत, ते मी मोजत नाही. हेराल्ड त्याच कंपनीची, म्हणजे घरातलेच. रंग मात्र अस्सल कंपनीचा. गडद हिरवा. बाबा सगळ्यांना हेच सांगायचे आणि मीही सांगतो, की कंपनीनंतर हिला कुणाचा हात लागलेला नाही.

गावातली जुनी माणसं हिला ‘बस्त्यावची होडी’ म्हणतात. बाबांचं नाव बस्त्याव. विलायतेच्या गाडीला होडी म्हणणाऱ्यांपुढे काय डोकं फोडणार.

दुपारी आय ओट्यावर बोंबील निवडत बसली होती. मी कुणाला तरी फोनवर रंगाचं सांगत होतो तेव्हा अर्धे बोंबील तसेच टाकून आत निघून गेली. ऊन लागलं असेल. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, पण टोपी घाल म्हटलं तर ऐकत नाही.

बुधवार, १५ जानेवारी

आयटीआयमधून काम संपवून आलो तर किनाऱ्यावर फिरायला आलेली चार पोरं-पोरी आमच्या अंगणात शिरून फोटो काढत होती. एक जण बॉनेटवर बसलेला. विचारलं तर म्हणतो, “अंकल, विंटेज वाइब है.” त्याची वाइब मी दोन मिनिटांत उतरवली. ट्रेसी म्हणते माझं बीपी वाढतं. वाढू दे.

रविवार, १९ जानेवारी

क्लबचा माणूस आला. नीरज नाव. चाळिशीचा, पांढरे बूट घालून उत्तनला येणारा. पण गाडीखाली घालायला स्वतःची चटई घेऊन आला, तेवढं मला आवडलं. अर्धा तास खाली पडून होता. बाहेर आला तो चकित. म्हणाला, समुद्रापासून इतक्या जवळ साठ वर्षांची गाडी आणि खालचा पत्रा शाबूत, असं त्याने आजवर पाहिलं नाही. माझी छाती फुगली. लगेच टाचणी लागली. दारावरून अंगठा फिरवत त्याने विचारलं, “सर, हिला रंग कधी दिलाय?”

मी म्हटलं, कंपनीने, चौसष्ट साली. तो म्हणाला, पण हे ब्रशचे फटकारे आहेत. मी म्हटलं, तेव्हा तिकडे चांगल्या गाड्यांना हातानेच रंग देत. मग त्याने खिशातून भिंग काढलं आणि मागच्या चाकाच्या वर रंगात अडकलेला एक केस दाखवला. ब्रशचा केस. मी म्हटलं, असेल, ब्रिटिश ब्रशचा. तो हसला. मला तिडीक आली. मी बॉनेट उचलून दाखवलं. आतसुद्धा हिरवा, कोपऱ्याकोपऱ्यात हिरवा. इथला कुठला गॅरेजवाला आतून रंग देतो? बाहेरून फवारा मारून मोकळे होतात. आतून-बाहेरून सारखा रंग कंपनीच देते. मी आरसी पुस्तकही काढलं, त्यात रंग हिरवा असं स्वच्छ लिहिलंय. त्याने तारीख पाहिली. जुनं पुस्तक २००५च्या पुरात गेलं, ही नंतरची प्रत. तेव्हा गाडी बघूनच लिहिलं असणार, असं तो म्हणाला. शेवटी ठरलं की दाराचा आतला पुठ्ठा उघडायचा आणि त्यामागच्या पत्र्याचा फोटो त्याला पाठवायचा. मूळ क्लिपा तुटतील म्हणून सोळा वर्षांत तो पुठ्ठा मी उघडलेला नाही. आता यांच्या संशयापायी उघडायचा.

आयने त्याला सरबत दिलं आणि विचारलं, रंग वाईट हाय काय? तो म्हणाला, नाही आजी, चांगला आहे, पण कुणाचा आहे ते बघायचंय. तिला असलं काय कळणार. उगाच मध्ये मध्ये करते.

मंगळवार, २१ जानेवारी

लाल.

काशीमीऱ्याला दिपेशच्या पेंट शॉपमध्ये गाडी नेली. त्याने पुठ्ठा हलक्या हाताने काढला, एकही क्लिप तुटू दिली नाही. आतला पत्रा लालभडक. वरच्या कडेने हिरवा ओघळ आत उतरलेला, त्याखालीही लालच. मी म्हटलं, अस्तर असेल. दिपेशने नखाने थोडा हिरवा खरवडला, हुंगला आणि म्हणाला, “अंकल, ये गाडी का पेंट ही नहीं है. बोट का है. और नीचे मछली का तेल मारा है किसीने.”

मला वाटलं थट्टा करतोय. मीही हुंगलं. उन्हाळ्यात गाडी तापली की तो वास येतो. मी आजवर समजत होतो गावाचा वास आहे.

म्हणजे माझ्या बापाची लाल स्पोर्ट्स कार कुणीतरी होडीसारखी माखून ठेवली आणि मी सोळा वर्षं त्या चिखलाला पॉलिश करत बसलो. परत येताना गोल्डन नेस्टच्या सिग्नलला एक रिक्षावाला म्हणाला, “क्या कलर है काका, ओरिजिनल?” मी काच वर करायला गेलो. या गाडीला वर करायला काचही नीट नाही.

बुधवार, २२ जानेवारी

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी चहाच्या वेळी स्पष्ट सांगितलं, ज्याने कुणी हे केलं त्याचे हात कलम केले पाहिजेत. बाबा शहात्तर ते एकोणऐंशी बहारीनला होते. गाडी इथे झावळ्यांच्या मांडवाखाली उभी होती. तेव्हाच कुणीतरी संधी साधली. परदेशात राबणाऱ्या माणसाच्या पाठीमागे त्याच्या गाडीची विटंबना. आणि बाबा बिचारे आल्यावर काही बोलले नाहीत, पोटात ठेवून गेले. कंपनीचा रंग म्हणून सांगत राहिले, ते लाजेने. आता माझ्या लक्षात येतंय.

आय म्हणाली, “लय वाईट दिसते काय रे?” मी म्हटलं, प्रश्न दिसण्याचा नाही, कुणा अडाण्याने आपल्या वस्तूला हात लावला त्याचा आहे. ती कप घेऊन उठली.

नीरजचा फोन झाला. तो म्हणतो, सर, हिरवा उतरवून मूळचा लाल बाहेर काढा, गट पक्का. नाहीतर ‘बदललेल्या गाड्या’ या गटात जाईल. त्या गटात कोण असतात मला माहीत आहे. निळे दिवे आणि चित्त्याचे पट्टे. बाबांची गाडी तिथे उभी करण्यापेक्षा समुद्रात ढकलीन. दिपेशकडे रंग उतरवायला सोमवार, १० फेब्रुवारी ठरला. तोवर गुन्हेगार शोधायचा.

शनिवार, २५ जानेवारी

आय दोन दिवस धड जेवत नाही. डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, वयाचं आहे. काल ट्रेसीने सांगितलं की मी नसताना ती अंगणात जाऊन गाडी फडक्याने पुसत होती. तिला समजावलं, आय, तेलकट हात लावू नकोस, डाग पडतात. ट्रेसीने माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच काही चुकीचं बोललो. या घरात गाडीची काळजी करणारा मी एकटाच.

शनिवार, १ फेब्रुवारी

सापडला.

नवघरला ज्ञानदेवकाकांकडे गेलो होतो. बाबांचे गॅरेजमधले जुने सोबती. नांदेडकडून पोटासाठी आले आणि इथलेच झाले. बाबा बहारीनला असताना गाडीची किल्ली त्यांच्याकडे असायची, महिन्यातून एकदा येऊन चालू करून जायचे. म्हणजे दुसरं कोण असणार? तरी मी आधी सभ्यपणे विचारलं की तेव्हा गाडीला रंग कुणी दिला. त्यांनी उलट मलाच विचारलं, “रीटाबाईला इचारलंस का?” मी म्हटलं, आयला गाड्यांतलं काय कळतं, आणि तिला यात ओढायची गरज नाही. ज्याने केलंय त्याने कबूल करावं, नाहीतर मी क्लबच्या ग्रुपवर नाव टाकणार आहे.

ते म्हणाले, “व्हय. म्याच केलं.”

कुठला रंग, म्हटलं. व्हता एक डबा, म्हणाले. मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. मित्राने विश्वासाने किल्ली दिली आणि तुम्ही त्याच्या गाडीला होडीचा रंग फासलात, तीस वर्षं त्याच्यासोबत चहा प्यायलात तेव्हा घोट कसा उतरला, असं बरंच काही. त्यांची सून वैजयंता पोहे घेऊन आली होती, ती बशी हातात धरून दारातच उभी राहिली. मी तसाच निघालो. माणूस शहात्तर वर्षांचा आहे म्हणून हात आवरला. मला याचं जरासुद्धा वाईट वाटत नाही.

फक्त एक खटकलं. कबूल करताना त्यांचा चेहरा पकडल्या गेलेल्या माणसासारखा नव्हता. निगरगट्ट असतात काही.

रविवार, २ फेब्रुवारी

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. स्वतःच्या वहीत तरी सारवासारव नको.

दुपारी जेवताना मी जाहीर केलं की चोर सापडला, ज्ञानदेव, आणि यापुढे त्या माणसाने आपल्या उंबऱ्यात पाऊल टाकायचं नाही. संध्याकाळी ग्रुपवर नाव टाकणार, तेही सांगितलं. आयने हातातला घास ताटात ठेवला.

“ज्ञानदेवानं काय न्हाय केलं,” ती म्हणाली. “मी रंगवली ती.”

मला वाटलं म्हातारीचा गोंधळ झालाय. म्हटलं, आय, त्याने स्वतः कबूल केलंय. ती म्हणाली, तो तुझ्या बापाला दिलेला शब्द पाळतोय. मग ती सांगत गेली, ताटाकडे बघत, एकदाही न थांबता. बाबा बहारीनला गेल्यावर पहिल्याच पावसात दाराच्या खाली गंज धरला. बोट लावलं की लाल पापुद्रा निघायचा. गावात मोटारीला रंग देणारं कुणी नव्हतं आणि भाईंदरला न्यायला तिला चालवता येत नव्हती. नवरा परत आला की गाडीचा सांगाडा बघेल, या धास्तीने तिला झोप लागेना. मामाच्या होडीचं रंगकाम झालं होतं, हिरव्याचे दोन डबे उरले होते. खाऱ्या हवेत लाकूड कसं टिकवतात ते तिने जन्मभर बघितलं होतं. आधी गोड्या पाण्याने मीठ धुतलं, मग माशाचं तेल जिरवलं, आठ दिवस सुकू दिलं, मग रंग. आतून आणि बाहेरून, कारण होडी आतूनपण रंगवतात.

“तू थंयच होतास,” ती म्हणाली. “रंगात हात घालायचास म्हणून तुला लुगड्यानं माडाला बांधून ठेवलेला.”

बाईमाणसाने होडीला ब्रश लावलेला तेव्हा चालायचा नाही. मोटार तर नवऱ्याची, तीही तो परदेशात असताना. गावात तोंडं सुटली असती. फक्त ज्ञानदेवकाकांना माहीत होतं, कारण शेवटच्या दिवशी ते किल्ली घेऊन आले आणि बॉनेट त्यांनीच उचलून धरलं. बाबा आले तेव्हा ती चुलीपाशी लपून बसली होती. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, हुंगलं आणि मोठ्याने हसले. बाहेर जमलेल्यांना म्हणाले, शेठनी जपून ठेवलेला कंपनीचा रंग आहे, वरचा लाल मी निघायच्या आधीच काढला होता. कुणाला पटलं, कुणाला नाही, पण बस्त्यावच्या तोंडावर कोण बोलणार. ज्ञानदेवकाकांकडून त्यांनी वचन घेतलं. पुढे तेच सांगत राहिले, आणि मग मी.

मी चिडलोच. म्हटलं, मग इतकी वर्षं गप्प का बसलीस? मला सांगायचं होतंस.

“तू सांगू देतोस कुठं?” ती म्हणाली. “कंपनीचा हात, कंपनीचा हात म्हणतोस, तो माझा हात हाय. तो तोडायला निघालास.”

ट्रेसी भात वाढायला आली होती, ती तशीच परत गेली. मी ताटावरून उठलो. अंगणात जाऊन गाडीत बसलो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नवघरला जाऊन ज्ञानदेवकाकांचे पाय धरले. ते म्हणाले, उठ, पोरा, तुझ्या बापापेक्षा तू लवकर तापतोस, एवढंच. मी विचारलं, मी केलेला इतका अपमान का सहन केलात? म्हणाले, “तुझा राग माझ्यावर निघाला तर तिच्यावर निघायचा न्हाई, असं वाटलं.” घरी येताना केबिन रोडवर गाडी बाजूला घ्यावी लागली. समोरचं दिसत नव्हतं.

बाबांचा मात्र अजून राग येतोय. तुम्हाला बायकोच्या हाताचा अभिमान होता तर छातीठोकपणे सांगायचा. तिला वाचवताय म्हणत तिचंच नाव पुसून टाकलंत. आणि मी त्यावर सोळा वर्षं पॉलिश मारलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

ठरत नाही. माझाच नियम आहे की मूळ ते मूळ. लाल हा मूळ आहे, हिरवा नाही. मी हिरवा ठेवला तर आजवर जे दुसऱ्यांना सुनावलं ते सगळं खोटं. दिपेशला रद्द कर म्हणून सांगायला फोन उचलला आणि पुन्हा ठेवला. आयला विचारलं, तर म्हणाली, काढून टाक, तुझी गाडी हाय, मला काय त्याचं. तेवढं बोलून मासे साफ करायला बसली. तिला खरंच काही वाटत नाही की काय, कळत नाही. मी सोमवारी जायचं ठरवलंय. नियम म्हणजे नियम.

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळी निघताना आय चांगलं लुगडं नेसून, पर्स घेऊन गाडीपाशी उभी. म्हणाली, मलापण न्हे, शेवटचं बघते. दोनच सीट. ती दार धरून हळूहळू आत बसली तेव्हा लक्षात आलं की मी तिला या गाडीतून कधीच कुठे नेलेलं नाही. सोळा वर्षांत एकदाही नाही. पट्टा कसा लावायचा ते तिला माहीत नव्हतं. मी लावून दिला. रस्ताभर ती बाहेर बघत होती आणि एक हात दारावर, बाहेरच्या अंगाने, पत्र्यावर टेकवलेला होता.

दिपेशने दाराच्या खालच्या कोपऱ्यात रंग काढायचं औषध लावलं, थोडं थांबला आणि पातं घेऊन बसला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. औषध पुन्हा लावलं. घाम पुसत मला म्हणाला, “जिसने भी लगाया है ना अंकल, दिल से लगाया है. निकलता ही नहीं.” त्याला कोण शेजारी उभं आहे ते ठाऊक नव्हतं. आयला हिंदी समजते. तिने पर्स घट्ट धरली आणि दुसरीकडे बघायला लागली. तिचा चेहरा मी पाहिला.

तळहाताएवढा पत्रा उघडा पडला होता. पातं अजून चालूच होतं. माझ्या अंगाचा भडका उडाला, कुणावर ते सांगता येणार नाही. मी दिपेशच्या हातातून पातं काढून घेतलं आणि त्याच्या टेबलावर आपटलं. म्हटलं, बस. तो घाबरला. मी म्हटलं, भाई, तुझी चूक नाही, माझी आहे. आय पुढे आली, वाकून त्या उघड्या जागेवर बोट फिरवून म्हणाली, गंज न्हाय. मग दिपेशला तिच्या हिंदीत सांगू लागली, पहले मीठा पानी से धोने का, फिर तेल, फिर आठ दिन कुछ नहीं करने का. तो वही घेऊन लिहायला लागला.

मी बाहेर हायवेच्या कडेला येऊन तिथूनच नीरजला फोन लावला. म्हटलं, माझं नाव काढा. तो म्हणाला, का सर, लाल निघत नाहीये का? बदललेल्या गाड्यांत टाकू का? मी म्हटलं, ती बदललेली गाडी नाही. हिला कंपनीने बनवलं आणि एका बाईने जगवलं. तुम्ही खाली पडून ज्या पत्र्याचं कौतुक केलंत ना, तो तिच्यामुळे आहे. यासाठी गट असेल तर सांगा, नाहीतर आम्ही घरी बरे. ट्रक एकामागून एक चालले होते, त्याला काही ऐकू जात नव्हतं. तो सारखा विचारत होता, कुणामुळे, सर? रंग कुणी दिलाय?

“माझ्या आईनं,” मी म्हटलं.

आय कधी माझ्यामागे येऊन उभी राहिली होती ते कळलंच नाही. तिने माझी बाही ओढली.

“मोठ्यानं सांग,” ती म्हणाली. “त्याला ऐकू न्हाय गेलं.”

मग मी मोठ्याने सांगितलं. शेजारच्या टायरवाल्याने वळून पाहिलं, आणि चहाच्या टपरीवरच्या माणसांनीही.